बिनकुलपाचा दुंडाप्पा

निपाणीत माझ्या वखारीच्या भिंतीला लागून दुंडाप्पाची खोली होती. तिला कुलूप नव्हतं. बाहेर पडताना तो कडीला सुतळी बांधायचा, गाठीवर वितळलेल्या लाखेचा थेंब टाकायचा आणि त्यावर जुन्या कोटाचं पितळी बटण दाबायचा. परत आला की नखानं लाख उडवून आत. लोणच्याच्या बरणीला लाख, घासलेटच्या डब्याला लाख. स्वतःच्या चंचीलाही त्यानं एकदा लाख लावली, कारण त्याला तंबाखू सोडायचा होता. तो सुटलाही. मी तंबाखूचा व्यापारी. मला हे आवडलं नाही.

पण माझा त्याच्यावर राग आहे तो यामुळं नव्हे. त्याचं कारण वेगळं आहे, आणि तो राग मी सोडणार नाही.

जर्मनीची लढाई चालू होती. सरकारनं तंबाखूवर कर बसवला आणि वखारींना सील लावायला एक साहेब नेमला. दुंडाप्पा साहेबाचा शिपाई. लाख शिपायाच्या पिशवीत, ठसा साहेबाच्या खिशात. या नोकरीतून दुंडाप्पाला राज्य कसं चालतं हे कळलं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि हे म्हणणं तो कुणालाही ऐकवायचा.

"मालक, आपल्या गल्लीत गोरा साहेब कधी बघितलाय?"

"न्हाय."

"फौजदार?"

"दसऱ्याला एकदा."

"मग सायकलीला दिवा नसला की नाक्यावर उतरून चालत का येता?"

दुंडाप्पा माझ्या पटक्यावर बोटानं टकटक करायचा. "फौजदार हितं हाय. सरकार लई कंजूष असतंय. घरटी शिपाई ठेवायचा तर पगार द्यावा लागंल. त्यापरीस ज्याला त्याला स्वतःचाच शिपाई करायचं. बिनपगारी. लाख म्हंजे काय? नखानं निघंल. पण नख लावणार कोण?"

एकदा गल्लीत चोरी झाली. सराफाचं, वाण्याचं आणि माझं, तिन्ही कुलपं फुटली. दुंडाप्पाची सुतळी शाबूत. तो आठवडाभर दारोदार जाऊन हे सांगत होता. मी म्हटलं, "अण्णा, तुझ्यात चोरायला हाय काय?"

"ते चोराला काय ठावं? लाख बघितली आन् हात गार पडलं त्याचं."

मी डोक्यावर पाटी घेऊन निपाणीत आलेला माणूस. पाटीची वखार झाली ती घासाघीस करून. आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. रुमालाखाली हात घालायचा, एकमेकांची बोटं दाबायची, सौदा पुरा. तर साहेब कराचा आकडा सांगायला लागला तेव्हा मी सवयीनं रुमाल टाकला, खालून त्याचा हात धरला आणि दोन बोटं कमी दाबली. साहेब धारवाडकडचा, नवा. आधी त्याला वाटलं, मी नाडी बघतोय. कळल्यावर तो लाल झाला.

"सरकारशी घासाघीस करता?"

"मग कुणाशी करू? गिऱ्हाइकाला निदान दुसरं दुकान तरी असतं."

पुढं आवाज चढले. माझा जरा जास्त. साहेबानं तंबाखू निवडणाऱ्या बायकांना उठवून बाहेर काढलं, वखारीचं दार ओढलं आणि आपण दौऱ्यावरून परत येईपर्यंत हे बंद, असं सांगितलं. दुंडाप्पानं लाख वितळवली, साहेबानं ठसा दाबला. दुंडाप्पा लांबून, जवळून बघत म्हणाला, "मालक, झकास बसलंय. एकदम सरळ."

हवा पावसाळी. आत तंबाखूची बोदं, म्हणजे बांधलेले गठ्ठे, एकावर एक रचलेली. थर उलटले नाहीत तर बोद आतून तापतं, तंबाखू काळा पडतो आणि मग तो खतातच टाकायचा. पुढच्या आठवड्यात दाराखालून आंबूस, गरम वास यायला लागला. आत माझा वर्षाचा माल होता. तो गेला तर माझ्या डोक्यावर पुन्हा पाटी. संकेश्वरला माणूस पाठवला, तर साहेब तिथून पुढं गेलेला.

भर दुपारी मी दारासमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या शिवीला हमाल पळतात. फौजदाराला मी तोंडावर बोललोय. आणि चिंचोक्याएवढ्या त्या लाखेला नख लावायला माझा हात उठेना.

दुंडाप्पा आपल्या पायरीवर बसून बघत होता. "लावा की नख."

"तू साहेबाला सांगशील."

"मी कशाला सांगू? विचारलं तर सांगीन."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्याच्या लाखेचा, त्याच्या सरकारचा आणि त्याच्या कोटाच्या बटणाचा उद्धार केला. दुंडाप्पानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, माझा हात बाजूला सारला आणि अंगठ्याचं नख लावलं. टक्. लाख खाली.

"अरे, हे काय केलंस?"

"मालकानं फोडलं तर तुरुंग. शिपायानं फोडलं तर नुसती नोकरी. बायका बोलवा."

नवं सील लावायचं तर ठसा साहेबाजवळ. म्हणून दुंडाप्पा उंबऱ्यात दाराकडं पाठ करून बसला. "साहेब येईस्तवर सील मी."

बायका आल्या, थर उलटायला लागल्या. मी त्यांच्या डोक्यावर उभा. "तोंड बंद, हात चालू!" आत कुणी चकार शब्द काढेना. मधेच उंबऱ्यातून आवाज आला, "जरा बोलू द्या की त्यास्नी."

"तू सील हाईस. सील बोलत नसतंय."

थर उलटून झाल्यावर त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग साहेब येईपर्यंत आत कुणालाही सोडलं नाही. मलासुद्धा नाही, माझ्याच वखारीत. भाकरी उंबऱ्यातच खाल्ली, झोपलाही तिथंच आडवा.

साहेब आला. सील कुणी फोडलं म्हणून विचारलं. दुंडाप्पा म्हणाला, "मी." का, म्हणून विचारलं. म्हणाला, "वास येत हुता." साहेबानं त्याचा शिपाईगिरीचा पट्टा काढून घेतला, माझ्याकडून पुरता कर घेतला, एक बोटही कमी नाही, आणि वखार मोकळी करून निघून गेला. बायका आत कामाला बसल्या.

मी दुंडाप्पासमोर उभा राहिलो. "बोल. काय पाहिजे तुला?"

"काय न्हाय."

माझा राग आहे तो इथं. मी आयुष्यात कुणाचं फुकट घेतलेलं नाही. त्यानं भाव सांगितला असता तर मी तो निम्म्यावर आणला असता आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. भाव न सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी ओरडलो, "काहीतरी माग!"

त्यानं वखारीच्या भिंतीकडं बघितलं. मग म्हणाला, "मालक, त्या तारूबाईची सून बाळंत झाली का?"

"कोण तारूबाई?"

"तुमच्यातच निवडाय बसती की. माझ्या भिंतीला टेकून. सून म्हायेरी येळ्ळूरला हाय. प्वार आडवं हाय म्हणत हुत्या. म्हातारी जाऊ का नको, जाऊ का नको करत हुती, आन् तेवढ्यात सायबानं बायका उठवल्या. तवापास्नं भिंत गप्प हाय. मला काय कळंनाच, पुढं काय झालं."

मी आत गेलो. आजवर त्या बाईला मी 'ए भिंतीजवळची' अशीच हाक मारत आलो होतो. बाहेर येऊन सांगितलं, "मुलगी झाली."

"आन् आई?"

"बरी हाय. प्वार आयत्या वेळी फिरलं म्हणं."

दुंडाप्पानं डोळे मिटले. तोंडावरून हात फिरवला.

"नाव काय ठेवलं?"

मी पुन्हा आत गेलो.