आवाजाची मालकीण

"आज चोर सुटत नाही," रेणुकाने अर्धा चहा तसाच टाकून जाहीर केलं. "बाबा, पुरावा असा आहे की जमादार उठून उभे राहतील."

बाबा, म्हणजे नागसेन, मेहकरात तीनचाकी गाडीतून गल्लोगल्ली फिरून कुकर दुरुस्त करायचे. गाडीवरच्या भोंग्यातून रेणुकाचा रेकॉर्ड केलेला आवाज घुमायचा: "ताई, मावशी, कुकरची शिट्टी रुसली का? दारातच दुरुस्त करून मिळेल!" फिजिक्समध्ये बीएस्सी झालेल्या मुलीने त्यावर तीन दिवस घातले होते. महिनाभरात तोच आवाज आणखी सहा गाड्यांवरून घुमू लागला आणि बाबांची गिऱ्हाइकं निम्म्यावर आली.

चौकीत बाबांना शेजारी बसवून तिने उकंडराव जमादारांपुढे आवाजाचे आलेख पसरले. "साहेब, आता कोर्टंसुद्धा माणसाचा आवाज ही त्याची मालमत्ता मानायला लागलीत. मी सगळ्या गाड्यांचा आवाज तपासला. प्रत्येक चढउतार जुळतो. हा आवाज माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नाही."

"लेखी देता?"

"दिलंय. खाली सही आहे."

जमादार खरंच उठून उभे राहिले. पण पुराव्यामुळे नव्हे. दारातून कोकिळाबाई कुकर घेऊन आत घुसल्या होत्या आणि त्यांच्या पदरावर तुरीचं वरण वाळलं होतं.

"ह्या कुकरनं माह्या छताले वरण वाढलं, जमादार. कालच दुरुस्त केला होता. माणूस मफलर गुंडाळून होता, तोंड दिसलं नाही. पण गाडीवरची पोरगी लय गोड बोलत होती. तिलेच पकडा."

जमादारांनी रेणुकाच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. "हेच का?"

"हाव. हीच ते."

"बसा बाई. मालकीण सहीसकट हजर हाये."

रेणुकाने पटकन सहीवर हात ठेवला. "साहेब, आवाज माझा आहे, पण मी बोलले नाही."

"मंग कोण बोललं?"

"मीच. पण त्या गाडीवर नाही."

"सात गाड्या, एक आवाज, आन् तुमीच लिहून देता का तो तुमचा. मंग धंदाबी तुमचाच. बाहेरची गाडी जमा करा लागते."

त्या एका गाडीवर घरची चूल पेटत होती. रेणुका आलेख उलटेसुलटे करू लागली. बाबांनी मात्र कुकर हातात घेतला.

"बाई, सेफ्टी वॉल्व्हच्या भोकात एमसील भरलं हाये. असं काम मी वीस वर्षांत नाही केलं."

त्यांनी पिशवीतून नवा वॉल्व्ह काढून बसवला आणि पाणी घालून कुकर चौकीतल्या चहाच्या शेगडीवर चढवला. सगळे भिंतीला चिकटले. रेणुकाने मनात दाबाचं गणित केलं, आणि उत्तर येताच ती टेबलाखाली गेली.

शिट्टी झाली. लांब, स्वच्छ, सरळ.

"हा मिस्त्री दुसराच हाये," कोकिळाबाई म्हणाल्या. "सोडा त्याईले."

जमादारांनी कपाळ पुसून नवा कागद घेतला. "मंग आता चोरीचंच लिहू. रेकॉर्डिंग चोरलं कसं?"

"तेच शोधायचंय," टेबलाखालून निघत रेणुका म्हणाली. "बहुतेक मोबाइल हॅक करून..."

बाबा खोकले. "चोरलं नाही, रेणुका. स्टँडवर एक गाडीवाला म्हणे, पोरीचा आवाज लय गोड हाये. मले बरं वाटलं. पाठवून देलं त्याले."

"एकालाच ना?"

"तारीफ तर साही जणांनी केली."

रेणुकाने हळूच सहीचा कागद आपल्याकडे ओढला. तो सरकेना. दुसऱ्या टोकाला जमादारांचं बोट होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "'हेल्मेट घाला' सांगत फिरणाऱ्या आमच्या गाडीले आवाज पाह्यजेच होता."