हिरव्या ठिपक्याची शिडी

मतदानाच्या दिवशी सकाळी भाचीने खोलीचं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. आदल्या दिवशी तिने शिडी, ड्रिल मशीन, शिलाई मशीन आणि चाकांची खुर्ची असं सगळं प्रदर्शनासाठी झाडूनपुसून एका कोपऱ्यात मांडून ठेवलं होतं. आता त्या कोपऱ्यात एकटी मावशी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कुणाचं तरी भलं केल्याचं समाधान होतं. या समाधानाची भाचीला फार धास्ती वाटे.

"मावशी, सामान कुठाय?"

"ज्याला हवं होतं त्याच्याकडे. शिडी पालिकेच्या साहेबांना दिली. फलक लावायला स्टुलावर चढले होते बिचारे, पडले असते."

"अगं, ज्या कार्यक्रमात वस्तू दाखवायच्या, त्याच कार्यक्रमाला वस्तू देऊन टाकल्यास?"

"देऊन नाही टाकल्या. वापरायला दिल्यात."

मावशीची संस्था म्हणजे ही एक खोली. वस्ती शहराच्या अगदी टोकाला, रस्त्यावरचे दिवेसुद्धा आठवण झाली तर लागायचे. ड्रिल मशीन वर्षातून एकदा लागतं, पण तेवढ्यासाठी विकत कोण घेणार? म्हणून मावशीने लोकांच्या अडगळीतल्या वस्तू मागून आणल्या, दुरुस्त केल्या आणि उसन्या द्यायला सुरुवात केली. पावती नाही, अनामत नाही. वस्तूला खालच्या बाजूने एक हिरवा ठिपका आणि एकच नियम: काम संपलं की आणून द्या. तोवर मावशी स्वतःहून कधी मागत नसे. आजवर तिचा साधा पानासुद्धा हरवला नव्हता. हे ऐकून शहाणी माणसं हसत, आणि दुसऱ्या दिवशी शिडी मागायला येत.

पण खोलीचं छप्पर खचलं होतं. महिनाअखेर दुरुस्त झालं नाही तर खोलीला टाळं लागणार होतं. आशा होती ती आजच्या मतदानाची. अशा मागे पडलेल्या वस्त्यांसाठी पालिका दरवर्षी निधी बाजूला काढी, आणि तो कुठल्या संस्थेला द्यायचा हे वस्तीतली माणसंच मत देऊन ठरवत. अट एवढीच, की प्रत्येक संस्थेने टेबलावर आपलं काम मांडून दाखवायचं. टेबल रिकामं दिसलं की संस्था बाद.

शाळेच्या सभागृहात संस्थांची टेबलं सजली होती. शिवणवर्गाच्या टेबलावर मावशीचं शिलाई मशीन झोकात बसलं होतं. दवाखानावाल्यांनी चाकांच्या खुर्चीत एक आजोबा बसवून त्यांचा रक्तदाब मोजायला घेतला होता. भाची पाणी प्यायला गेली आणि परत आली, तेवढ्यात आपलं रिकामं टेबलही गायब!

"वाचनालयवाल्यांच्या टेबलाचा पाय मोडला गं," मावशी खिडकीच्या कट्ट्यावर बसून म्हणाली. "पुस्तकं जमिनीवर ठेवणार होते."

"आणि तुझी खुर्ची?"

"साहेबांना. त्यांची पाठ दुखते."

तेवढ्यात साहेबच आले. नियमाला पक्का माणूस. साध्या खडूच्या तुकड्यासाठीही तीन प्रतींत अर्ज घेणारा.

"तुमचं टेबल?"

"वाचनालयाला दिलं."

"मग तुम्ही दाखवताय काय?"

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. "ही माझी भाची," ती म्हणाली.

"मावशी, मी नुसतं ड्रिल मागून आणते. एकच!" भाची कुजबुजली.

"ज्याला दिलंय त्याचं काम संपलंय का?"

"नाही, पण आपलं संपेल ना!"

मावशी जागची हलली नाही. साहेबांनाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि यादीतलं नाव खोडायला त्यांनी पेन उघडलं. खुर्ची डुगडुगली. मत द्यायच्या रांगेत पुढे उभे असलेले शिंपीकाका खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सरकवायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"साहेब, ही खुर्ची मावशीची आहे."

"असेल. मग?"

"टेबलही तिचंच दिसतंय." काकांनी टेबलाखाली मान घातली. "हा काय ठिपका!"

झालं! सभागृहात जो तो आपल्या बुडाखालची खुर्ची उलटी करून पाहू लागला. शिवणवर्गाच्या बाईंनी मशीन आडवं केलं. माइक उलटा धरून पाहणाऱ्याने तो तोंडाजवळच ठेवल्यामुळे "इथंही आहे!" ही बातमी वस्तीभर पोचली. दवाखान्याच्या दोघांनी चाकांची खुर्ची तिरकी केली, तसे आजोबा ओरडले, "अरे, आधी मला तरी उतरवा!"

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. फलकाशेजारी भिंतीला टेकून उभी असलेली शिडी त्यांनी स्वतः उचलली, खालून पाहिली आणि पुन्हा ठेवली. मग यादीत मावशीच्या संस्थेपुढे, 'प्रदर्शनात मांडलेल्या वस्तू' या रकान्यात त्यांनी लिहिलं: संपूर्ण सभागृह.

सकाळपासून मावशीवर चरफडणाऱ्या भाचीचे डोळे भरून आले. अशा बाईची आपण भाची आहोत, याचा तिला इतका अभिमान वाटला, की समोर आलेल्या प्रत्येकाला ती ते सांगत सुटली.

मावशीला सगळी मतं मिळाली, एक सोडून. ते एक वाचनालयाला पडलं होतं. कुणाचं, हे भाचीने विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात छपराचा मिस्त्री आला. पत्रे आले, खिळे आले. "शिडी आणा," मिस्त्री म्हणाला.

"साहेबांकडे आहे," भाची म्हणाली. "फलक कधीच उतरला, मावशी. आता तरी मागूया."

"दुसरं काही काम निघालं असेल त्यांचं. मागायची नाही." मावशीने क्षणभर विचार केला. "पण उसनी घ्यायला काय हरकत आहे?"

साहेब कचेरीत शिडीवर चढून जळमटं काढत होते. अर्धं छत अजून बाकी होतं.

"साहेब, दोन दिवस शिडी मिळेल का?"

साहेब खाली उतरले. कारकुनाने सवयीने अर्जाचे तीन कागद पुढे केले, ते त्यांनी हाताने बाजूला सारले.

"अर्ज नको," ते म्हणाले. "काम संपलं की आणून द्या."

दोन दिवसांनी छप्पर झालं. भाचीने शिडी कौतुकाने पुसली आणि तिच्या हक्काच्या कोपऱ्यात उभी केली.

"तिथे काय ठेवतेस?" मावशी म्हणाली. "आपलं काम संपलं ना? चल, मागचं टोक धर."