तात्यांचा डावा दंड

त्या वर्षी मारुतीतात्या भेटले की आधी डावा दंड दाखवायचे. शर्टाची बाही पार खांद्यापर्यंत सरकवायचे आणि म्हणायचे, "हितं टोचलंय. हात लावू नका, आत शास्त्राचं काम चाललंय." दंडावर काही म्हणजे काही दिसत नसे. तरी बारामतीच्या एसटीत हा दंड खिडकीकडे राहील अशीच जागा ते धरायचे, आणि लग्नात कुणी गळाभेटीला आलं तर उजवा खांदा पुढे करायचे.

तात्या पणदरे गावात आमचे शेजारी, भिंतीला भिंत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झाले. काकू गेल्या, मुलगा पुण्याला असतो, सणासुदीला फोन करतो. मी इथल्या शाळेत मास्तर, म्हणून मला 'सर'.

उंदरांमुळे पसरणाऱ्या एका तापावर लस तयार होत होती. तिच्या चाचणीसाठी बारामतीच्या संशोधन केंद्राला धडधाकट माणसं हवी होती. गावात कुणी पुढं येईना. तात्या एकटेच गेले आणि परत येऊन थेट पारावर बसले. "उसाच्या पाचटात उंदीर मुतणार," ते समजावून सांगू लागले, "त्ये वाळणार, त्याची धूळ आपल्या नाकात जाणार, आन् ताप थेट मूत्रपिंडात." शेजारी चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवले.

टोचल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी सहाला केंद्रातल्या एका मुलीचा फोन यायचा. दंड दुखतो का, ताप आहे का, भूक लागते का, एवढंच ती विचारायची. तात्या साडेपाचलाच तोंड धुऊन, टोपी घालून ओट्यावर बसत. फोन स्पीकरवर, त्यामुळं सगळा अहवाल आम्हालाही मिळे. दंडात वारूळ फुटल्यागत मुंग्या येतात. भूक आहे, पण भाकरीची चव वेगळी लागते. स्वप्नात उंदीर आला होता, पण लांबूनच निघून गेला. ती मुलगी बिचारी सगळं लिहून घ्यायची. पुढं आठवड्याला एकच फोन येऊ लागला, तेव्हा तात्या सोमवारची वाट गुरुवारपासून बघू लागले.

त्या पावसाळ्यात तात्यांना साधी शिंकही आली नाही. सगळं श्रेय लशीला. गुडघा दुखायचा थांबला, तोही लशीनंच.

काही महिन्यांनी चाचणीचा तो टप्पा संपला आणि केंद्रातून बोलावणं आलं. मीही सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की चाचणीत निम्म्यांना लस देतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं हे शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. तात्यांना पाणी मिळालं होतं.

"म्हंजी त्या मुंग्या?" तात्यांनी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. असं पुष्कळांना होतं, म्हणाल्या. पाणीवाल्यांशी ताडून बघितल्याशिवाय लशीचा गुण कळतच नाही, म्हणून तुमचंही काम तेवढंच मोलाचं. आता हवी असेल तर खरी लस देऊ. त्यानंतरही पहिल्यासारखीच रोज चौकशी करू. तात्यांनी पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगितलं.

चूक माझीच. शाळेत मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली आणि दुपारपर्यंत ती पारावर पोचली. कुणी तात्यांना विचारी, आज पाण्याला किती मुंग्या आल्या? कुणी आपला गुडघा पुढं करून घोटभर पाणी मागे. सगळे हसले. मीही हसलो. तात्यांनी बाही खाली ओढली आणि घरी गेले.

तरी ठरल्या दिवशी जाऊन त्यांनी खरी लस घेतली.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला मी सहज डोकावलो. तात्या ओट्यावर पांघरूण घेऊन बसले होते. दंड लाल होऊन सुजला होता. कपाळाला हात लावला तर चांगलंच तापलेलं. तेवढ्यात फोन वाजला. मुलीनं नेहमीचे प्रश्न विचारले.

"कायबी न्हाय, ताई. यकदम ठणठणीत हाय," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

मला राग आला. म्हटलं, तात्या, तुम्ही खोटं सांगितलंत तर लशीनं काय होतं ते त्यांना कळणार कसं? उद्या ही लस हजारो लोकांना टोचतील.

तात्यांनी पांघरुणाची कड चाचपली.

"मागल्या बारीला लई सांगितलं ओ, सर. पाण्याचंबी सांगितलं. आता खरं बोललो तर त्या पोरीला वाटंल, म्हातारं फोनवर बोलायला मिळावं म्हून करतंय."

मी त्यांचा फोन घेतला आणि त्याच नंबरवर लावला. ताप, सूज, सगळं खरं सांगितलं. मुलगी आधी रागावली, मग तिनं गोळी कोणती घ्यायची ते सांगितलं. रात्री ताप वाढला तर लगेच कळवा, मी उद्या सकाळीही फोन करीन, म्हणाली. शेवटी तिनं विचारलं, "घरात त्यांच्याजवळ कुणी आहे का?"

तात्या खाली बघत होते.

"आहे," मी म्हणालो. "मी आहे इथं."