तिसऱ्यांदा जिंकलेलं शिलाई मशीन

वहिनींचं शिलाई मशीन तेलपाण्यासाठी दुकानात आणलं आणि हँडल फिरवता फिरवता त्याच्या दातेरी चाकाचे दोन दात मिस्त्रींच्या हातात आले. तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर खरं सांगून मोकळे झाले असते. पण वहिनींनी याच मशीनवर लोकांचे कपडे शिवून या धाकट्या दिराला लहानाचं मोठं केलं होतं. त्यांना काय तोंड दाखवणार?

"भाऊजी, मशीन कधी देताय?" रोज फोन.

"तेल मुरतंय, वहिनी."

"आठ दिवस?"

"जुनं लोखंड आहे. सावकाश पितं."

तसलं चाक आता कुठे मिळत नव्हतं. शेवटी मोबाइलवरच्या लिलावात हुबेहूब तसलंच मशीन सापडलं. मिस्त्रींनी बोली लावली आणि जिंकली. तासाभरात विकणाऱ्याचा निरोप आला, 'क्षमस्व. बांधताना मशीन पडलं. विक्री रद्द.' दुसऱ्या दिवशी तेच मशीन, तोच फोटो, अंगावर ओरखडा नाही, पुन्हा लिलावात! मिस्त्री पुन्हा जिंकले. 'क्षमस्व. भाचीने मागितलं.' भाचीने बहुधा रात्रीत परत केलं असावं, कारण सकाळी ते तिसऱ्यांदा हजर होतं. या खेपेला 'सुईदोरा' नावाचं कुणीतरी हात धुऊन मागे लागलं. मिस्त्रींनी बोली वाढवली की सुईदोरा लगेच वाढवी.

"हा विकणाराच असणार, दुसऱ्या नावाने," बायको म्हणाली. "भाव चढवतोय मेला."

मिस्त्रींनी कंपनीकडे तक्रार केली. 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे' असं उत्तर आलं आणि प्रकरण मिटलं, म्हणजे कंपनीपुरतं मिटलं. मिस्त्री मात्र इरेला पेटले, तिसऱ्यांदा जिंकले आणि निरोप यायच्या आत दिलेल्या पत्त्यावर जाऊन थडकले. वाटेत भांडण घोकून ठेवलं होतं.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं.

"ते मशीन ना... बांधताना..."

"पडलं? मग मी उचलतो," म्हणत मिस्त्री आत घुसले.

मशीन खिडकीपाशी होतं, पुसून लख्ख केलेलं. गृहस्थांनी आवाज खाली आणला. "हळू बोला हो. हिला आता सुई ओवता येत नाही. मशीन दिसलं की कष्टी होते. विकून टाका म्हणाली, म्हणून विकायला काढतो. पण कुणी घेतलं की माझाच जीव कासावीस होतो."

ते पाणी आणायला आत गेले. तेवढ्यात मोबाइल नाकाला लावून एक आजी बाहेर आल्या.

"तुम्हीच का ते? किती वाढवता हो बोली! मी सुईदोरा." त्या कुजबुजल्या. "यांना मशीनची अडगळ होते, म्हणून मीच विका म्हटलं. मग राहवेना. यांना सांगू नका हं."

घोकलेलं भांडण मिस्त्रींच्या घशातच राहिलं. चाकाचे सगळे दात शाबूत होते. त्यांनी ते एकदा डोळे भरून पाहिलं, मशीनला दोन थेंब तेल घातलं आणि पाणी घेऊन आलेल्या गृहस्थांना म्हणाले, "मला नको मशीन. तुम्ही दोघं एकदा एकमेकांशी बोला म्हणजे झालं."

हे दुसऱ्याला सांगणं सोपं होतं. रस्त्यावर आल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुकानातून तुटकं चाक घेतलं आणि ते तडक वहिनींकडे गेले.

"वहिनी, माझ्या हातून तुटलं हे. इतके दिवस तुमच्याशी खोटं बोलतोय."

वहिनींनी चष्मा लावून चाक निरखलं. "कुठले दात? हे दोन?"

"हो."

"ते होय!" वहिनी जरा ओशाळल्या. "ते गेल्या वर्षी माझ्याच हातून तुटलेत. गोंदाने चिकटवून वर काळा रंग दिला होता. तुम्हाला सांगायची लाज वाटली. म्हटलं, तुमच्या हातात आले की गुपचूप नवीन चाक बसवून द्याल."

"मग रोज फोन कशाला करत होता?"

"बसवलंत का, ते बघायला."