गुरुजींसाठी रडायला माणूस हवं

भर पितृपक्षात, सकाळच्या उन्हात, स्वतःच्याच गच्चीवर ढुंढिराजगुरुजींच्या डोक्यावर कावळा बसला. गुरुजी आंघोळ करून शेंडी वाळवत होते. कावळ्याने टकलावर नीट पाय रोवले, इकडेतिकडे पाहिलं आणि काहीही घाई न करता तो रामकुंडाकडे उडून गेला.

गुरुजींनी जन्मभर रामकुंडावर लोकांचे पिंड मांडले होते. कावळा शिवेना म्हणून घायकुतीला आलेल्या यजमानांना धीर दिला होता. पण न बोलावता कावळा येऊन डोक्यावर बसतो त्याचा अर्थ त्यांना पाठ होता. असा माणूस जगत नाही. उपाय एकच. आपण मेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना कळवायची. ती ऐकून कोणी मनापासून रडलं की अरिष्ट टळतं.

"चिंतामण!" गुरुजी जिन्यातूनच ओरडले. "मी मेलो म्हणून त्र्यंबकला कळव! आत्ताच्या आत्ता!"

चिंतामण हा धाकटा मुलगा, एका कचेरीत कारकून. आई गेल्यापासून वडील त्याच्याकडे होते, म्हणजे खरं सांगायचं तर त्याची बायको इंदिरा हिच्याकडे होते. गुरुजींचं सोवळं, पथ्याचा भात, हरवलेला चष्मा आणि रात्रीबेरात्री मारलेल्या हाका हे सगळं तिच्या वाट्याला. थोरला त्र्यंबक नाशिक रोडला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. "आमच्याकडे जागा कुठाय हो?" असं त्याची बायको अनसूया दर दिवाळीला आठवणीने म्हणायची.

"अण्णा, असलं अभद्र मी कसं बोलू?" चिंतामणला घाम फुटला.

"आज खोटं बोलला नाहीस, तर उद्या तेच खरं म्हणून सांगावं लागेल. पळ!"

"मामंजी, मी रडले तर नाही का चालणार?" इंदिरेने विचारलं.

"तुला ठाऊक आहे मी जिवंत आहे ते. तुझं धरत नाहीत."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन होता. चिंतामणने नंबर फिरवला. "दादा, अण्णा गेले," एवढंच कसंबसं म्हणाला. चिंतामण कान देऊन हुंदक्याची वाट पाहू लागला.

"अरेरे," त्र्यंबक म्हणाला. "कधी नेणार? मला साहेबांना सांगून निघावं लागेल." आणि फोन ठेवला गेला. खरं सांगायला उघडलेलं चिंतामणचं तोंड तसंच राहिलं. त्याने वळून पाहिलं, तर दुकानातली सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघत होती आणि दुकानदाराने डोक्यावरची टोपी काढली होती.

"रडला का?" चिंतामण घरात शिरताच गुरुजींनी विचारलं.

"कधी नेणार, असं विचारलं."

गुरुजी मटकन खाली बसले. आधी नुसतीच कावळ्याची भीती होती, आता तिच्यात दुसरी मिसळली. थोड्या वेळाने ते उठले आणि भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. "अनसूया रडेल. बायकांना येतं रडू. कोणी खरं रडल्याशिवाय मी काही जिवंत व्हायचा नाही," असं म्हणून त्यांनी आतून कडी लावली.

तोवर दुकानातली बातमी गल्लीभर झाली होती. ओटीवर माणसं जमली. घाटावरून देवराम आला. गावातल्या निम्म्या तिरड्या त्यानेच बांधलेल्या, त्यामुळे बांबू आणि मडकं घेऊनच आला. चिंतामणला खरं सांगावंसं वाटत होतं, पण सांगितलं तर ही माणसं काय करतील या भीतीने तो नुसताच हात जोडत उभा होता. त्याचा तो चेहरा पाहून लोक हळहळले आणि त्याची पाठ थोपटू लागले.

"पिकलं पान होतं," एकजण म्हणाला.

"सुटले बिचारे. सोनं झालं."

"लय चांगला माणूस व्हता," देवराम म्हणाला. "पर वय बी झालं व्हतंच ना."

गुरुजी आत दाराला कान लावून बसले होते. हीच वाक्यं त्यांनी रामकुंडावर हजारोंना ऐकवली होती. ऐकणाऱ्यांचे डोळे तेव्हा पटकन कोरडे व्हायचे आणि गुरुजींना आपल्या वाणीचा अभिमान वाटायचा. आता इतकी माणसं ओटीवर आणि हुंदका म्हणून एक नाही. म्हाताऱ्या माणसाचं मरण कोणाला लागतच नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. फटीतून त्यांनी बाहेर पाहिलं. समोरच्या कौलांवर कावळा बसला होता. तोच असावा.

शेवटी रिक्षा थांबली. त्र्यंबक उतरला, मागोमाग अनसूया. गुरुजींनी श्वास रोखला.

"कसं झालं गं?" अनसूयेने इंदिरेला विचारलं. आवाज खणखणीत होता.

"अचानक," इंदिरा म्हणाली.

"बरं झालं बाई, अंथरुणाला खिळले नाहीत. तुझेही हाल संपले." मग ती बंद दाराकडे पाहत म्हणाली, "ही खोली आता तुम्हाला मोकळी."

आत गुरुजींनी कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.

"उचलायला हवं," देवराम म्हणाला. "ऊन चढतंय. दार उघडा."

"नको!" चिंतामण दाराला पाठ लावून उभा राहिला. "अजून... अजून थोडं थांबा!"

"चिंतू, धीर धर," म्हणत त्र्यंबकने त्याला बाजूला ओढलं. देवरामने दार हिसडा मारून ओढलं. जुनी कडी निखळली, दार धाडकन उघडलं आणि दाराला टेकून बसलेले गुरुजी सरळ देवरामच्या पायांवर आडवे झाले.

"अरे, कोणीतरी रडा रे!" प्रेत म्हणालं.

ओटी क्षणात रिकामी झाली. देवराम मडकं तिथेच टाकून थेट गल्लीच्या तोंडाशी गेला आणि तिथून वाकून पाहू लागला. त्र्यंबक खाली बसला तो उठेचना. चिंतामणने रडत नव्हे, पण रडण्याच्या बेतात सगळी हकिकत सांगितली.

"मी साहेबांना सांगून आलो!" त्र्यंबक किंचाळला. "आता उद्या काय सांगू? वडील परत आले?"

गुरुजींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. आता सगळ्यांना खरं कळलं होतं. आता कोण रडणार? समोरच्या कौलांवरून कावळ्याने काव केलं आणि गुरुजींनी त्र्यंबकचा हात गच्च धरला.

"मला इथून ने बाबा. हा रामकुंडाचा कावळा, तो मला ओळखतो. मी आता कायमचा तुझ्याकडेच येतो."

अनसूयेने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून ती ओक्साबोक्शी रडू लागली. साधंसुधं नव्हे, अगदी पोटातून.

गुरुजींचा चेहरा उजळला. "रडली! टळलं रे, टळलं!"

"पण अण्णा, ती रडतेय ते..." चिंतामण पुटपुटला.

"शास्त्र कारण विचारत नाही," गुरुजी ठणकावून म्हणाले. "पूस डोळे, अनसूये. आता कुठे जायची गरज नाही. मी इथेच बरा आहे."

अनसूयेचे डोळे तत्काळ कोरडे झाले. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून, कोणी तोंडावर हात दाबून धरल्यासारखा, एक हुंदका आला.

"इंदिरे? तू गं का रडतेस?"

"काही नाही मामंजी. कांदा चिरतेय."

चातुर्मासात गुरुजींच्या घरात कांदा येत नसे. कावळ्यालाही घाबरले नव्हते इतके गुरुजी आता घाबरले. आपण जाणार असं ऐकून तिला घटकाभर किती हलकं वाटलं असेल, ते त्यांना कळलं होतं. मग ते हळूच उठले आणि खुंटीवरचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं.

"त्र्यंबक, रिक्षा थांबव," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत तुझ्याकडे राहतो."

गल्लीच्या तोंडाशी माणसं अजून घोळका करून उभी होती. रिक्षा समोरून गेली. गुरुजी ताठ बसले होते आणि शेजारी अनसूया पदरात तोंड खुपसून हमसाहमशी रडत होती.

"बघा," देवराम गहिवरून म्हणाला, "म्हातारा जित्ता हाय, तरी सून रडतीया. काय माया म्हनायची!"