डॉक्टरीणबाईंचे दामूअण्णा

किन्हवलीच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला की गाव डॉक्टरला बघायला जाई. दामूअण्णा जात ते त्याच्या बायकोला बघायला. वय साठीचं, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही, आणि चौकशा अशा: बाईंना विहिरीचं पाणी बाधतं का? पालीला भितात का? झोपाळा लागतो का?

"डॉक्टरला काय धरून ठेवायचा, मास्तर?" मला ते सांगत. "बाई रमली पायजे!"

मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी. मला या माणसाचं भारी कुतूहल. पण त्यांचं बोलणं अनुभवाचं होतं. मुंबईहून आलेल्या आधीच्या दोन तरुण डॉक्टरांच्या बायका बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि पाठोपाठ बदली मागून तेही गेले. नंतर एक बिनलग्नाचा आला, तर अण्णांनी कपाळाला हात लावला. "सडा मानूस! याला बांधू कुठं?" तोही पावसाळ्याआधी पसार झाला.

मग आल्या सुमतीबाई, गिरगावच्या. डॉक्टर दिवसभर दवाखान्यात नाहीतर पाड्यांवर, बाई घरात एकट्या. त्यांना पत्त्यांचा नाद आहे असं कळताच अण्णा पत्ते शिकले. भातकापणी गड्यांवर टाकून रोज दुपारी ओसरीवर बदामसात! गाव हसलं. अण्णा हरले की रागावत, जिंकले की जास्त रागावत: "मुद्दाम हरलीस ना गो?" 'डॉक्टरीणबाईं'ची 'बाय' कधी झाली, कुणालाच कळलं नाही.

पुढे बाईंना दिवस गेले आणि गाव धास्तावलं. पाटील म्हणाले, "अण्णा, बाळंतपन हितंच होऊ दे. ती गेली की डॉक्टर गेला समजा. तुमचं ऐकते ती." अण्णांनी मान डोलावली, पण बाईंशी त्यातलं अक्षर बोलले नाहीत. बाईंचा भाऊ न्यायला आला, तेव्हा आसनगाव स्टेशनापर्यंत अण्णांनीच बैलगाडी काढली. मीही सोबत गेलो. आता तरी बोलतील म्हणून कान टवकारून बसलो होतो.

आगगाडी आली. बाई वाकून पाया पडल्या. अण्णा म्हणाले, "बाय, तान्ह्या पोराला घेऊन या हिवतापाच्या गावात परत येऊ नको. डॉक्टरलाबी तिकडंच बोलवून घे."

गाडी सुटल्यावर मी विचारलं, "अण्णा, मग गावाचं काय?"

"गावाला डॉक्टर दुसरा आनू, मास्तर." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "तिला काय झालं, तर बाय दुसरी कुठून आनू?"