सासूबाईंचा ट्रेलर

जावई सिनेमांचे ट्रेलर कापायचा, तेही फक्त भुताखेतांचे, परग्रहांवरचे आणि तीन डोक्यांच्या राजांचे. त्यामुळे सासूबाईंच्या वाढदिवसाचा व्हिडिओ कुणी करायचा, हा प्रश्न घरात निघालाच नाही. "मीच करतो, माझ्या हातचा मळ आहे," असं तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणून गेला आणि तिथंच फसला.

बायकोनं त्याला आधीच बजावलं होतं. तिची आई निवृत्त मुख्याध्यापिका. आताशा तिला एकटीनं राहणं झेपत नव्हतं, आणि कुठल्या लेकीकडे जायचं ते ती वाढदिवसालाच सांगणार होती. थोरलीचा नवरा, म्हणजे आपल्या गड्याचा साडू, दातांचा डॉक्टर. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आई आपल्याकडे यायला हवी," बायको डोळे पुसत म्हणाली. (सासूबाई हव्यात का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण बायकोचे भरलेले डोळे त्याला बघवत नसत.)

त्यानं नातेवाइकांच्या शुभेच्छा रेकॉर्ड करून आणल्या आणि जीव ओतून काम केलं. अडचण एवढीच, की त्याच्या हातांना एकच काम ठाऊक होतं. धंद्याचे नियम सांगून सांगून तो रोज जेवताना बायकोचं डोकं खायचा: भुताचा चेहरा पुरता दाखवायचा नाही, कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, आणि पहिल्या पाच मिनिटांत मरणाऱ्याला ट्रेलरमध्ये घ्यायचं नाही, लोक उगाच जीव लावून बसतात. व्हिडिओ झाला तेव्हा स्वारी स्वतःवरच खूश होती. छान झालाय ना, असं बायकोनं विचारलं. "अंगावर काटा येतो," तो म्हणाला. तिला वाटलं, मायेनं येत असेल.

वाढदिवसाला दिवाणखान्याचे पडदे ओढून सगळे टीव्हीसमोर बसले. आधी नुसता अंधार. कुठंतरी दार कुरकुरलं. जिन्यावरून चपला एकेक पायरी उतरू लागल्या आणि सासूबाईंचा अर्धाच चेहरा उजेडात आला. मग बायकोच्या मामांचा आवाज: "हिच्या हाताखाली जो आला, तो..." आणि पुन्हा काळोख. (मामा पुढं "माणूस होऊनच बाहेर पडला" असं म्हणाले होते. पण नियम म्हणजे नियम.) मग साडू: "...घर म्हणजे नुसतं स्मशान." (बिचाऱ्यानं "आई आल्या नाहीत, तर" अशी सुरुवात केली होती.) शेवटी छातीत धडकी भरवणारा एक दणका आणि लाल अक्षरं: 'लवकरच. तुमच्या घरी.'

दिवे लागले. कुणी टाळी वाजवली नाही. बायकोकडे पाहिल्यावर त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण काय कापून ठेवलंय, आणि शरमेनं त्याचे कान तापले. साडू घाईघाईनं खुलासा करायला उठला, पण सासूबाईंनी बोट वर केलं तसा मुकाट्यानं खाली बसला.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा पाहताना त्या हसायला लागल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रिटायर झाल्यापासून जो तो त्यांना औषध घेतलं का, पंखा कमी करू का, असं लहान बाळासारखं विचारत होता. "व्हरांड्यात माझ्या चपला वाजल्या की अख्खी शाळा गप्प व्हायची," त्या म्हणाल्या. "मी कोण आहे ते या जावयाच्या तरी लक्षात आहे. लवकरच कशाला, रविवारीच येते."

बायको आईच्या गळ्यात पडली. तिला हसताना पाहून त्याला इतकं बरं वाटलं, की पुढं काय वाढून ठेवलंय ते तो क्षणभर विसरला. तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "पण काय हो, यात सगळे आहेत, तुम्ही कुठं दिसला नाहीत ते?"

तो तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "अगं आई, पहिल्या पाच मिनिटांत मरणाऱ्याला ट्रेलरमध्ये घेत नाहीत."